चोर कोण, संन्यासी कोण

माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली, आणि चौतीस वर्षांच्या त्या चाकरीत एक गोष्ट मनावर पक्की ठसली ती ही की, एखाद्या जमिनीवर प्रत्यक्षात कोण कोण नांदते, हे तिच्या मालकाला सहसा ठाऊक नसते. उताऱ्यावर एकाचे नाव असते, नांगर दुसऱ्याचा चालतो, कोपऱ्यात झोपडी तिसऱ्याची उभी असते आणि बांधावरच्या आंब्यावर हक्क सांगायला चौथाच कोणी पुढे येतो. निवृत्तीनंतर पुण्याच्या घरात मी चार फुटांची खाऱ्या पाण्याची पेटी मांडून तीत प्रवाळे लावली, तेव्हा निदान येथला मामला तरी निर्वेध असेल अशी माझी समजूत होती. कारण तीतला प्रत्येक मासा, प्रत्येक दगड आणि प्रवाळाचा प्रत्येक तुकडा मीच पैसे मोजून आणलेला होता. तीन महिन्यांच्या आत तो भ्रम फिटला. मी चार मासे आणि सहा प्रवाळे आणली होती. पेटीत राहणाऱ्यांची गणती मात्र शेकड्यांच्या घरात गेली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना मी कधी बोलावले नव्हते.

हे अनाहूत येतात कोठून, याचे उत्तर सोपे आहे. प्रवाळाचा तुकडा ज्या दगडावर रुजलेला असतो तो दगड वरून निर्जीव दिसला तरी आतून गिरगावातल्या जुन्या चाळीसारखा सच्छिद्र आणि गजबजलेला असतो. त्याच्या भोकाभोकांत अळ्या, खेकडे, गोगलगायी आणि त्यांची अंडी बिऱ्हाड करून असतात. शंखाच्या पाठीवर, वनस्पतीच्या मुळाशी, पिशवीतल्या पाण्यातसुद्धा ते येतात आणि अनुकूल पाणी मिळाले की वाढू लागतात. म्हणून एखाद्या रात्री सहज दिवा लावावा आणि वाळूतून वीतभर लांबीचे काहीतरी सर्रकन आत जाताना दिसावे, हा अनुभव प्रवाळपेटी बाळगणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी येतोच. अशा वेळी माणूस दोहोंपैकी एक चूक करतो: भीतीने साप साप म्हणून भुई धोपटतो, नाही तर कौतुकाने ‘राहू दे बिचारा’ म्हणून सोडून देतो. दोन्ही निकाल चौकशीवाचून दिलेले असतात, आणि चौकशीवाचून दिलेला निकाल कसा अंगलट येतो हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो.

पेटीच्या पहिल्याच उन्हाळ्यात एके रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. सकाळी पाहतो तो केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा वाळूवर आडवा पडलेला, आणि करंगळीएवढ्या जाडीच्या, तांबूस-करड्या रंगाच्या, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचे झुबके असलेल्या दोन अळ्या त्याच्या पोटाला भिडलेल्या. प्रेत समोर, आरोपी जागेवर. आणखी पुरावा तो काय हवा! मी चिमटा शोधण्याचीही तसदी न घेता हात घातला, एक अळी बाहेर ओढली, आणि पुढचा तासभर बोटांत रुतलेले काचेच्या भुकटीसारखे केस चिकटपट्टी लावलावून उपटत व व्हिनेगरमध्ये बोटे बुडवून आग शमवीत बसलो. त्यानंतर सूडाच्या भावनेने पंधरा दिवस सापळे लावून त्या जातीचा मी जवळजवळ निःपात केला. परिणाम असा झाला की, माशांनी न खाल्लेले अन्न दगडांच्या फटींत कुजू लागले, पाण्यातील नायट्रेट वाढले आणि काचांवर तपकिरी शेवाळाचा थर दाटू लागला. मासा मेला होता तो पंप बंद पडून पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे. त्या अळ्या रात्रीतून आलेल्या, प्रेताची विल्हेवाट लावणाऱ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

तेव्हापासून मी एक वही घातली आहे. तीत अनुक्रमांक, तारीख, वेळ, जागा, वर्णन, वर्तन आणि शेरा असे सात रकाने आहेत, आणि पहिले सहा भरल्याखेरीज सातव्यात काही लिहावयाचे नाही असा दंडक आहे. वाचकांनीही अशी वही घालावी, असा माझा आग्रह आहे. सामग्री थोडी लागते: लाल काच किंवा लाल जिलेटिन कागद लावलेली विजेरी, हातभिंग, पांढऱ्या चिनीमातीचा वाडगा, लांब दांड्याचा चिमटा, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी आणि नळीची एक पिचकारी. दिवे मालवल्यावर तासा-दीडतासाने, घर निजल्यावर पेटीपाशी बसावे. लाल प्रकाश या निशाचरांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ती आपली नित्याची कामे बिनदिक्कत करीत राहतात. पांढरा दिवा लावाल तर नुसत्या शेपट्या दिसतील. जो जीव हाती लागेल तो वाडग्यात पेटीचेच पाणी घेऊन त्यात ठेवावा, शेजारी पट्टी धरून छायाचित्र घ्यावे, आणि नाव शोधण्याची घाई न करता आधी ठरावीक प्रश्न विचारावेत. तो एका जागी चिकटलेला आहे की हिंडता? अंगाला वलये आहेत का? पाय आहेत का, असल्यास सांध्यांचे की नुसते केसांचे? कवच आहे का? डोळे आहेत का, आणि ते देठावर आहेत की डोक्यातच बसलेले? एवढ्या प्रश्नांनी निम्मा निकाल लागतो. उरलेला निम्मा वर्तनावरून लावावा लागतो, आणि वर्तन पाहताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, तो प्राणी मेलेल्या भागावर बसला आहे की जिवंत भागाच्या कडेवर, हे नीट बघावे. मेलेल्यावर बसणारा बहुधा सफाई करतो. जिवंत कडेवर रोज रात्री सापडणारा आणि त्याच्या मागे पांढरा सांगाडा उरणारा, तो खरा संशयित.

केसाळ अळ्यांचेच उदाहरण पुढे चालवू. साधी केसाळ अळी चपटी, गुलाबी किंवा करड्या रंगाची, उजेड पडताच बिळात मागे सरणारी असते. ती वाळू उकरते, उष्टे खाते आणि तुम्ही अन्न जितके जास्त टाकाल तितकी वाढते, म्हणून तिची संख्या फार दिसू लागली तर दोष आपल्या चमच्याला द्यावा. तिच्याच कुळातला एक नातेवाईक मात्र खरोखरच उपद्रवी आहे. अटलांटिक आणि भूमध्य समुद्रांतला दाढीवाला अग्निकृमी आकाराने दांडगा असतो, त्याच्या अंगाला पांढऱ्या केसांजवळ लालसर झुपके असतात आणि डोक्यावर चुण्या पडलेल्या मांसल तुऱ्यासारखा एक भाग असतो. तो उजेडातही प्रवाळाच्या फांदीवर चढतो, तिचे टोक मोज्यासारखे तोंडात घेतो आणि उतरतो तेव्हा ते टोक पांढरे झालेले असते. तुरा दिसला आणि टोके पांढरी झाली, असे दोन्ही पुरावे जुळले तर दया दाखवू नये.

तिसरा प्रकार याहून निराळा, आणि त्याची कथा सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात न्यूकी येथे ‘ब्लू रीफ’ नावाचे मत्स्यालय आहे. तेथील एका प्रदर्शनपेटीतली प्रवाळे रात्रीतून मधोमध कापल्यासारखी तुटू लागली आणि एक मासा जखमी झालेला आढळला. सापळे लावले, पण लावलेले आमिष नाहीसे होई आणि गुन्हेगार सापडत नसे. शेवटी २००९ साली कर्मचाऱ्यांनी ती सारी पेटी दगड-दगड करून उलगडली, तेव्हा सुमारे चार फूट लांबीची एक अळी बाहेर निघाली. ती कधीतरी लहान असताना दगडातून आली होती आणि पुढे सारे आयुष्य त्या पेटीतच लपून वाढली होती. या कुळातल्या अळ्या ओळखण्याची खूण सोपी आहे: अंगावर पाण्यावर पसरलेल्या तेलासारखी इंद्रधनुषी चमक असते, केसांचे झुबके नजरेत भरत नाहीत, आणि डोक्यावर पाच स्पर्शिका असतात. लहानपणी त्या फारसा त्रास देत नाहीत. परंतु पेन्सिलीएवढी जाड, पाच शिंगांची, बिळातून अर्धे अंग बाहेर टाकून स्प्रिंगसारखी झटक्यात आत जाणारी अळी दिसली, तर ज्या दगडात ती राहते तो दगडच बाहेर काढावा. तिला ओढू नये. ती तुटते, आणि आत राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा वाढू शकते.

अळ्यांच्या नावाने एवढी ओरड होत असताना, खरे अतिक्रमण करणारा मात्र पुष्पवत् देखणा असतो. दगडाच्या सांदीतून एक इवलेसे, काचेसारखे पारदर्शक, तपकिरी झाक असलेले फूल उमलते. बारीक देठ, वर लांब निमुळत्या शुंडकांचा झुपका. नवखा माणूस हरखतो आणि घरच्यांना बोलावून दाखवतो. मीही दाखविले होते. हे ऐप्टेशिया नावाचे समुद्रफूल होय, आणि महसुली भाषेत सांगायचे तर गायरानावर एका रात्रीत उभ्या राहणाऱ्या झोपडीचा सारा स्वभाव त्याच्यात असतो. एकाची दोन, दोनाची दहा होतात. शेजारच्या प्रवाळाला दंश करून ती जागा मोकळी करून घेतात. आणि आपण संतापून घासून काढायला जावे तर घासण्याने त्याचे जे बारीक बारीक तुकडे दगडावर राहतात, त्या प्रत्येकातून नवे फूल निघते. दात घासायच्या जुन्या ब्रशने मी एक फूल खरडले आणि महिन्याने तेथे अकरा मोजली. म्हणून हा प्राणी ओळखताच त्याला न दुखविता मारावा लागतो. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतात त्या चुन्याचाच शुद्ध सहोदर, थोड्या पाण्यात दाट कालवून, पंप बंद करून, पिचकारीने फुलाच्या मुखावर अलगद सोडावे, म्हणजे ते मिटता मिटता तो लगदा गिळते. टपरीवरचा चुना वापरू नये, त्यात काय मिसळले असेल याचा भरवसा नसतो. आणि एका दिवशी तीन-चार फुलांपेक्षा अधिकांवर हा प्रयोग करू नये, कारण चुन्याने पाण्याची क्षारता झपाट्याने चढते.

या फुलाला खाणारे जीवही आहेत. बर्घिया नावाची बोटाच्या पेरापेक्षा लहान, कवच नसलेली सागरी गोगलगाय केवळ यावरच जगते आणि फुले संपली की उपासमारीने मरते, इतकी ती एकनिष्ठ. पेपरमिंट नावाची कोळंबीही पुष्कळदा हे काम करते. परंतु तिच्या नावाखाली दुकानात भलतीच कोळंबी गळ्यात मारली जाण्याचा संभव असतो. खऱ्या पेपरमिंटचे अंग पारदर्शक असून त्यावर तांबड्या रेघा मुख्यतः लांबीच्या दिशेने जातात. पाठीला उंटासारखा बाक, तांबड्या रंगावर ठळक पांढऱ्या रेघा व ठिपके आणि मोठाले डोळे असतील तर ती उंट-कोळंबी, आणि ती मऊ प्रवाळे कुरतडते. उलट बाजूने, ऐप्टेशिया समजून एका निरुपद्रवी जीवाचा बळी देऊ नये: स्पर्श होताच चटकन मिटणारा, परंतु देठाऐवजी नळीत राहणारा आणि मोरपिसासारखा बारीक विंचरलेला पंखा पसरणारा तो पीसकृमी होय. फुलाला देठ असतो, पीसकृमीला घर असते, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आता आवाजाविषयी. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात सलग तीन रात्री आमच्या दिवाणखान्यातून ‘टच्’ असा आवाज येऊ लागला. काच तडकते आहे अशा समजुतीने आमच्या घरातून पेटीखाली सतरंज्या आणि जुनी धोतरे अंथरून झाली. अशा आवाजाचे दोन कर्ते संभवतात, आणि दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक मँटिस कोळंबी: देठावरचे, एकमेकांपासून स्वतंत्र फिरणारे डोळे, आणि प्रार्थनाकीटकासारखे घडी घालून ठेवलेले पुढचे पाय. त्या पायांनी ती एक तर भाला खुपसते, नाही तर हातोडा मारते. मोररंगी जातीच्या हातोड्याचा वेग २००४ साली शीला पाटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला, तो सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला. १९९८ साली इंग्लंडमध्येच ग्रेट यार्मथ येथील मत्स्यालयात ‘टायसन’ नावाच्या अशा एका कोळंबीने पाव इंच जाडीची काच फोडल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. शंख फुटलेले सापडणे, खेकड्यांच्या कवचाचे तुकडे बिळाशी पडणे आणि लहान मासे एकेक करून नाहीसे होणे, ही तिची लक्षणे. दुसरा कर्ता पिस्तूल-कोळंबी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा भलतीच मोठी असते, आणि ती मिटताना पाण्यात जो बुडबुडा निर्माण होतो तो फुटण्याचाच हा आवाज असतो. नांगीची टोके आपटल्याचा नव्हे, असे २००० साली संशोधकांनी अतिवेगवान चित्रणाने सिद्ध केले. ही कोळंबी वाळूत बीळ खणते, पुष्कळदा एखाद्या गोबी माशाला त्या बिळात भागीदार करून घेते, आणि प्रवाळाला धक्का लावीत नाही. माझ्याकडची हीच निघाली. एका रात्री लाल दिव्यात ती बिळाच्या तोंडाशी वाळूचे ढिगारे बुलडोझरसारखी ढकलताना दिसली, मोठी नांगी पुढे धरून. आणि मी पेटीखालच्या सतरंज्या काढून घेतल्या.

मँटिस निघालीच, तर तिला हाताने पकडण्याचे धाडस करू नये. ज्या दगडात ती राहते तो दगड बादलीवर धरून तिच्या भोकात साधा, गोड नसलेला सोडा पिचकारीने सोडावा. त्यातल्या वायूने गुदमरून ती बाहेर पडते. हाच उपाय खेकड्यांनाही चालतो. खेकड्यांचा निकाल नांग्यांवरून लावावा, ज्यांना स्वयंपाकघरात डेंगे म्हणतात. नांगीची टोके चमच्यासारखी खोलगट व बोथट असतील तर तो शेवाळ खरवडून खाणारा. टोके काळसर, टोकदार आणि पाय केसाळ असतील तर त्याच्यावर नजर ठेवावी, कारण लहानपणी उष्टे खाणारा तो पुढे मासे धरू लागतो. मात्र येथे एक अपवाद आहे आणि तो फार महत्त्वाचा. फांद्यांच्या प्रवाळात एक चकचकीत, गुळगुळीत पाठीचा, नखाएवढा खेकडा कधी कधी जोडीने राहतो. पुष्कळ लोक त्याला उपटून काढतात. वास्तविक तो त्या प्रवाळाचा जागल्या आहे: पॅसिफिक समुद्रात प्रवाळभक्षक काटेरी तारामासा फांदीवर चढू लागला की हे खेकडे त्याला चिमटे काढून माघारी फिरवतात. त्याचे अन्न म्हणजे त्या प्रवाळाचा बुळबुळीत स्राव. असा रखवालदार फुकट मिळाला असता त्याला हाकलणे म्हणजे करंटेपणा.

बारीकसारीक जीवांबद्दल थोडक्यात सांगतो. काचेवर सरकणारे पांढरे ठिपके आणि स्वल्पविरामाच्या आकाराचे, एका कुशीवर पडून सरपटणारे किडे हे पेटीचे वैभव आहे. ते माशांचे अन्न. त्यांच्यासारखाच दिसणारा पण वरून चपटा, तांदळाच्या दाण्यासारखा लांबट, मोठ्या काळ्या डोळ्यांचा आणि बाणासारखा सरळ पोहणारा जीव मात्र माशांचे रक्त शोषणारा असतो. बाजारातून आणलेल्या माशाच्या तोंडात किंवा कल्ल्यात कधी कधी जो पांढरा किडा सापडतो, त्याचा हा दूरचा आप्त. त्याच्याच कुळातला, स्पर्श होताच गोळी होऊन बसणारा मंद प्राणी निरुपद्रवी आहे. रक्तपिपासू निघाला तर मासे दुसऱ्या पेटीत हलवून ही पेटी काही महिने मत्स्यहीन ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. या कामी तांबेयुक्त औषध पेटीत ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये; तांबे माशांच्या रोगांवर चालते, परंतु प्रवाळे, शंख आणि कोळंबी यांना ते विष आहे, आणि दगडात मुरले की सहजी निघत नाही.

शंखवर्गात स्टोमॅटेला नावाची, पाठीवर नखाएवढे शिंपले मिरवणारी गोगलगाय अगदी सज्जन. दगडाला चिकटलेली टोकदार नळी आणि तिच्या तोंडून सुटलेली कोळ्याच्या जाळ्यासारखी चिकट तार दिसली, तर तो व्हर्मेटिड. त्याच्या जाळ्याने शेजारची प्रवाळे मिटून राहतात, म्हणून नळीचे तोंड पाण्यात न विरघळणाऱ्या डिंकाने बंद करावे. शंकूच्या आकाराचा, सुबक नक्षीचा, लांब अरुंद फटीचा शंख जिवंत असेल तर त्याला हात लावू नये. त्याच्या कुळातल्या काही जातींच्या विषाने माणसे दगावली आहेत. असमान लांबीच्या बाहूंचा, दाण्याएवढा अॅस्टेरिना तारामासा दुभंगून वाढतो आणि बहुधा काचेवरचा थरच खातो. त्याच्याविरुद्ध कोणी तक्रार आणलीच तर जिवंत कडेचा नियम लावून निकाल द्यावा. तांबड्या गंजाच्या रंगाचे चपटकृमी उजेडात आणि संथ पाण्यात थरच्या थर माजतात. त्यांना औषधाने एकदम मारू नये, कारण मेल्यावर त्यांच्या अंगातले विष एकदम पाण्यात उतरते. आधी नळीने जितके शोषून काढता येतील तितके काढावेत, कोळशाची गाळणी तयार ठेवावी आणि मग औषधाकडे वळावे. फांदीच्या प्रवाळावर बसणारा चपटकृमी तर प्रवाळाच्याच रंगाचा असल्याने दिसतही नाही. त्याला शास्त्रीय नाव मिळाले तेच २०११ साली. त्याचा पुरावा म्हणजे वाटोळे फिकट चावे आणि बुडाशी घातलेली तपकिरी अंडी. म्हणून नवे प्रवाळ थेट पेटीत न टाकता आधी त्याला औषधी स्नान घालावे, पिचकारीने फांद्याफांद्यांतून पाण्याचा झोत मारून काय गळते ते पांढऱ्या वाडग्यात पाहावे, शक्य तर मूळचा बुंधा कापून टाकावा आणि चार ते सहा आठवडे वेगळ्या लहान पेटीत नजरकैदेत ठेवावे. स्नानाने किडे मरतात. अंडी मरत नाहीत.

आता ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहिण्याची मला विशेष निकड वाटली, ती सांगतो. बटणासारख्या चकत्यांच्या चटईने वाढणारी, कडेला झालर असलेली झोअँथिड नावाची प्रवाळांची चुलत भावंडे दगडाबरोबर नकळत येतात. त्यांची जातभाई मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीही दिसतात. त्यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. हवाई बेटांतल्या माउईवर हाना गावाजवळ एका डबक्यातले ‘मृत्यूचे शेवाळ’ लोककथेत प्रसिद्ध होते. ते शेवाळ नसून अशाच प्राण्यांची चटई होती, आणि १९७१ साली मूर आणि शॉयर या रसायनज्ञांनी त्यातून हे विष वेगळे केले. सजीवांत सापडणाऱ्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. आपल्याकडे कोणतीही वस्तू निर्जंतुक करायची म्हणजे उकळायची, हा संस्कार घरोघरी आहे. आणि नको असलेल्या चकत्यांचा दगड मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर चढविण्याची बुद्धी नेमकी तेथेच होते. त्या वाफेबरोबर विष श्वासात जाते. ताप, थंडी, छातीत आवळणे, धाप, तोंडाला कडवट धातूची चव, अशी लक्षणे साऱ्या घराला होऊ शकतात. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात दुकानांत आणि घरांत असे प्रकार घडल्याची नोंद तेथील आरोग्याधिकाऱ्यांनी केली आहे. म्हणून असा दगड उकळू नये, त्यावर उकळते पाणी ओतू नये, तो कोरडा ठेवून घासू नये, झोत मारून धुऊ नये. हातमोजे आणि चष्मा घालून, पाण्याखाली ठेवूनच तो हाताळावा. बोटावर जखम असेल त्या दिवशी पेटीत हात घालू नये. आणि वरील लक्षणे दिसली तर डॉक्टरांना नुसते ‘दम लागला’ न सांगता झोअँथिड हाताळल्याचे स्पष्ट सांगावे.

काढलेल्या प्राण्यांचे काय करावे, हाही प्रश्न येतो. त्यांना खाडीत किंवा समुद्रात सोडणे ही भूतदया नव्हे. भूमध्य समुद्रात मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर १९८४ साली कॉलेर्पा नावाच्या शोभेच्या शेवाळाचा लहानसा ताटवा आढळला, तो पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने मैलोगणती पसरला. निरुपद्रवी जीवासाठी वेगळी छोटी पेटी ठेवावी; उपद्रवी जीव गोठवून मग कचऱ्यात टाकावा. उलट दिशेचा मोहही आवरावा. मालवणला सुटीवर गेलेला माणूस ‘आपल्याच समुद्रातला दगड’ म्हणून एखादा जिवंत तुकडा डब्यात घालून आणू पाहतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आहे, आणि कठीण प्रवाळे व समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो तुकडा आणि वाघाचे कातडे यांची प्रतवारी एकच. दुकानातून घेतानाही प्रवाळ कोठून आले याची विचारपूस करून पावती घ्यावी. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर माल तेथेच ठेवून यावे.

माझ्या वहीत आजमितीस सदतीस नोंदी आहेत. हद्दपारीचा शेरा त्यांपैकी पाचांपुढे पडला आहे, आणि पहिल्या उन्हाळ्यातल्या त्या केसाळ अळ्यांपुढे जो ‘खुनी’ असा शेरा मी लिहिला होता, तो लाल शाईने खोडून तारखेसह सही केली आहे.